रिकामी खाच

१९९०च्या दशकात नवा संगणक घरी आला आणि त्याच्या कॅबिनेटची बाजूची पट्टी स्क्रू काढून सरकवली, की आत मदरबोर्डवर रॅमच्या खाचा दिसत. त्यांतल्या एक-दोन तरी हमखास मोकळ्या असत. प्रोसेसर ज्या सॉकेटात बसवलेला असे तेही एका छोट्या दांडीने सैल होणारं, म्हणजे आजचा प्रोसेसर काढून उद्याचा बसवता येईल असं. त्या दशकात आणि पुढची दहा-बारा वर्षं ज्यांनी आपापल्या घरात गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांचा इतिहास या मोकळ्या जागांत शोधायला हवा असं मला वाटतं. सहसा तो तसा सांगितला जात नाही. संगणक वेगवान झाले, स्वस्त झाले आणि स्टुडिओ घरात आला, अशी सरळ हकीकत सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. वेग वाढत होता हे खरं, मात्र दर दोन वर्षांनी तो वेग अख्ख्या नव्या यंत्राच्या रूपात विकत घेणारे थोडे होते. बाकीच्यांनी जुनंच यंत्र चालवलं. यंदा रॅम, पुढच्या वर्षी प्रोसेसर, मग मोठी हार्ड डिस्क. कुटुंब वाढलं म्हणून कुणी राहतं घर पाडत नाही, मागे पडवी काढतो. तसंच हे होतं. घरगुती ध्वनिमुद्रण सर्वसामान्य माणसाच्या हाती आलं ते यंत्राच्या वेगापेक्षा यंत्र उघडता येत होतं म्हणून, हा माझा मुद्दा आहे. त्याला पुरावा काय आणि त्यावर आक्षेप काय, हे दोन्ही पाहू.

संगणकाआधीचं घरगुती यंत्र कसं होतं हे पाहिलं की फरक लक्षात येतो. जपानच्या टीएक कंपनीने १९७९मध्ये ‘पोर्टास्टुडिओ १४४’ बाजारात आणला. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक वेगवेगळे भरता येऊ लागले. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२चा ‘नेब्रास्का’ हा संग्रह न्यू जर्सीतल्या घरात याच यंत्रावर भरलेला आहे. तीच गाणी नंतर स्टुडिओत वादकांसह करून पाहिली गेली, तरी प्रसिद्ध झालं ते कॅसेटवरचं मूळ ध्वनिमुद्रण. म्हणजे घरात उत्तम काम होऊ शकतं हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. पण त्या यंत्राचे चार ट्रॅक हे कायमचे चार ट्रॅक होते. आणखी वाद्यं हवी असतील तर तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुसून पुन्हा वापरायचे. या उतरवाउतरवीत दर वेळी टेपची खरखर वाढे, आणि एकदा मिसळलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नसत. १९९२मध्ये अलेसिस कंपनीचा ‘एडॅट’ दुकानांत आला. तो एस-व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटवर आठ ट्रॅक डिजिटल पद्धतीने भरत असे आणि अशी सोळा यंत्रं एकमेकांना जोडता येत. इथे वाढ शक्य झाली, पण वाढीचा सर्वांत लहान तुकडा म्हणजे एक अख्खं यंत्र, सुमारे चार हजार डॉलरचं. कुठल्याही हौशी किंवा अर्धव्यावसायिक कलेच्या प्रसारात हा लहानात लहान तुकडा केवढा आहे, यावर फार काही ठरतं. महिन्याच्या शिलकीतून तो तुकडा घेता येत असेल तर माणूस कलेत टिकतो. तो वर्षाच्या कमाईएवढा असेल तर माणूस बाहेरच राहतो.

संगणकाने हा तुकडा लहान केला, आणि त्याची सुरुवात अटारी एसटीपासून झाली. १९८५च्या या यंत्रात ८ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर होता आणि मिडीची जोडणी यंत्रातच बसवलेली होती. मिडी हे वाद्यांचं आपसातलं बोलणं. १९८३च्या जानेवारीत दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर त्या भाषेत एकमेकांशी जोडून दाखवण्यात आले होते. मिडीत आवाज नसतो. कुठली पट्टी, केव्हा, किती जोराने दाबली एवढीच सूचना असते, आणि एका स्वराची अशी एक सूचना जेमतेम तीन बाइटांची. त्यामुळे एवढ्याशा संगणकातही पूर्ण वाद्यवृंदाची मांडणी मावत असे. १९८९मध्ये हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीचा ‘क्यूबेस’ याच यंत्रासाठी आला. सुरुवातीच्या ५२०एसटीत ५१२ किलोबाइट रॅम होती, ती संगीताच्या कामाला कमी पडे, आणि वाढवण्यासाठी खाच नव्हती. तेव्हा लोकांनी यंत्र उघडून, बसवलेल्या चिपांच्या पाठीवर तशाच दुसऱ्या चिपा ठेवल्या आणि पायाला पाय जुळवून डाग दिला. पाय हे मुंगीच्या अंगासारखे बारीक, डाग जरा पसरला तर यंत्र कायमचं गेलं. तरीही हे काम जागोजागी होत होतं. १९८९च्या एसटीई मालिकेत अटारीने सिम नावाच्या रॅमच्या पट्ट्यांसाठी खाचा दिल्या आणि तेच काम बोटांनी करता येऊ लागलं. चार मेगाबाइटपर्यंत रॅम डाग न देता बसू लागली. हा क्रम मला फार बोलका वाटतो. गरज आधी लोकांनी सोल्डरिंग आयर्नने भागवली आणि मग कारखान्याने तिच्यासाठी जागा केली.

खरा ताण पडला तो संगणकात प्रत्यक्ष आवाज आला तेव्हा. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. एका मिनिटाच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणाला सुमारे साडेदहा मेगाबाइट लागतात, तर त्याच मिनिटाच्या मिडीला काही किलोबाइट. हजार पटींहून मोठी ही उडी होती. डिजिडिझाइन कंपनीने १९८९मध्ये ‘साउंड टूल्स’ आणि १९९१मध्ये ‘प्रो टूल्स’ काढून ती घेतली, पण स्वतःच्या खास कार्डांच्या जोरावर. आवाजाचा सगळा हिशोब त्या कार्डांवरच्या चिपा करत आणि मॅकिंटॉश फक्त पडदा आणि माउस पुरवी. पहिल्या प्रो टूल्सवर चार ट्रॅक होते आणि किंमत सुमारे सहा हजार डॉलर. मग १९९६मध्ये स्टाइनबर्गने ‘क्यूबेस व्हीएसटी’ काढला आणि वेगळी पैज घेतली: खास कार्ड नकोच, संगणकाच्या स्वतःच्या प्रोसेसरनेच आवाजावरचे सगळे संस्कार चालू गाण्यात करायचे. ही पैज किती मोठी होती ते थोड्या गणिताने कळेल. सोळा ट्रॅक म्हणजे सेकंदाला सात लाखांहून अधिक नमुने. प्रत्येक ट्रॅकवर चार पट्ट्यांचा इक्वलायझर लावला, तर एका नमुन्यामागे छत्तीसेक गुणाकार-बेरजा होतात. म्हणजे नुसत्या इक्वलायझरसाठी सेकंदाला अडीच कोटी क्रिया. घुमारा (रिव्हर्ब), कॉम्प्रेसर, पडद्यावरचं चित्र आणि हार्ड डिस्कची देखभाल हे सगळं त्यावर. १९९६च्या शे-दीडशे मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला हे ओझं जड होतं. म्हणजे क्यूबेस व्हीएसटी बाजारात आला तेव्हा बहुतेक घरांतल्या यंत्रांवर तो धापा टाकत चालणार हे दिसतच होतं. तरीही तो रुजला, कारण ती यंत्रं होती तशीच राहणार नव्हती. क्रांती प्रोग्रॅमने केली, यंत्राच्या भागांनी नव्हे, असा आक्षेप घेतला जातो त्याचं उत्तर इथेच आहे. वाढत्या ओझ्याचा प्रोग्रॅम घरोघरी चालला, कारण ओझं उचलणारं यंत्र घरच्या घरी बळकट करता येत होतं.

यातला पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय प्रोसेसरचा नव्हता, रॅमचा होता. प्रोसेसरच्या मेगाहर्ट्झची जाहिरात होत असे म्हणून तोच लक्षात राहिला, पण त्या काळातल्या घरगुती स्टुडिओचा गळा आवळला जात होता तो स्मृतीच्या टंचाईने. रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. ध्वनिमुद्रण चालू असताना त्याच हार्ड डिस्कवरून सोळा ट्रॅक वाचले जात असतात. डिस्कच्या वाचणाऱ्या एकाच डोक्याला दोन्हीकडे धावावं लागलं की आवाज तुटतो, टक् असा आवाज येतो किंवा काम बंदच पडतं. शिवाय प्रत्येक ट्रॅकसाठी थोडा आवाज आधीच वाचून रॅममध्ये तयार ठेवावा लागतो, म्हणजे डिस्कचं डोकं एका ट्रॅककडून दुसऱ्याकडे जाईपर्यंत खंड पडत नाही. ट्रॅकमागे १२८ किलोबाइट ठेवले तर सुमारे दीड सेकंदाची सोय होते, आणि सोळा ट्रॅकना दोन मेगाबाइट लागतात. आठ मेगाबाइटच्या यंत्रात हा चौथा हिस्सा झाला. बत्तीसच्या यंत्रात तो जाणवतही नाही. रॅमच्या एका पट्टीने डिस्कची धावपळ थांबे, ट्रॅक वाढत आणि यंत्र नवं झाल्यासारखं वाटे. प्रोसेसर तोच, डिस्क तीच. ज्याने हे केलं त्याला यंत्र नेमकं कुठे अडतं याचं ज्ञानही मिळालं, आणि असं ज्ञान नव्या यंत्राच्या खोक्यातून येत नाही.

रॅमचे भाव मात्र संगीतकाराच्या हातात नव्हते. ४ जुलै १९९३ रोजी जपानमधल्या नीहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपांना आवरण घालायला लागणाऱ्या इपॉक्सी रेझिनचा जगातला निम्म्याहून अधिक पुरवठा तिथून होत असे. रॅमचे भाव काही आठवड्यांत भडकले. १९९६मध्ये उलट झालं. कारखाने भराभर वाढले होते, माल साचला आणि वर्षभरात भाव आधीच्या लहानशा अंशावर आले. घरातल्या ध्वनिमुद्रणाला जोर चढला तो याच सुमारास, आणि याचं श्रेय मी क्यूबेस व्हीएसटीइतकंच या पडलेल्या भावांना देईन. सप्टेंबर १९९९मध्ये तैवानला भूकंप झाला, भाव पुन्हा चढले. पुढे असंही उघड झालं की १९९८ ते २००२ या काळात रॅमच्या मोठ्या उत्पादकांनी आपसात संगनमत करून भाव ठरवले होते. अमेरिकेच्या न्याय खात्यापुढे इन्फिनिऑन, हायनिक्स आणि सॅमसंग यांनी गुन्हा कबूल केला. एकट्या सॅमसंगला ३० कोटी डॉलर दंड झाला. ज्याला दोन पट्ट्या घ्यायच्या होत्या त्याने या सगळ्याची किंमत मोजली. तरीही त्याच्यापाशी एक गोष्ट होती, ती म्हणजे थांबण्याची मुभा. भाव चढे असतील तर खाच रिकामी ठेवायची, उतरले की भरायची. रिकामी खाच हा बिनव्याजी हप्ता होता.

प्रोसेसरची कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि इथे फसगतही पुष्कळ झाली. इंटेलने १९९५मध्ये जुन्या ४८६च्या सॉकेटात बसणारा पेंटियम ओव्हरड्राइव्ह काढला, ६३ आणि पुढे ८३ मेगाहर्ट्झचा. पण मदरबोर्ड तोच राहिल्यामुळे स्मृतीशी जाणारा रस्ता ३२ बिटांचाच उरला; खऱ्या पेंटियमला तो ६४ बिटांचा मिळे. एएमडीचा के६-२ स्वस्त होता आणि मेगाहर्ट्झच्या आकड्यात इंटेलला टक्कर देई. मात्र आवाजाचं गणित अपूर्णांकांचं असतं आणि त्या गणितात तो मागे पडे. पत्रं लिहायला तो उत्तम, पण घुमारा लावला की कच्चा. पेंटियम ४ आला तेव्हा आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. स्वर विरत विरत शून्याकडे जाताना त्याचे आकडे अतिसूक्ष्म होतात; असे आकडे हाताळताना हा प्रोसेसर कमालीचा मंदावे. गाणं चालू असताना सगळं ठीक आणि गाणं संपून शांतता पसरली की यंत्र गुदमरायचं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना शेवटी त्या शांततेत, कानाला ऐकू न येणारी किंचित खरखर मिसळावी लागली. याउलट १९९८च्या ऑगस्टमध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए. हा गरिबांचा प्रोसेसर म्हणून विकला गेला, पण त्याच्या अंगावरच १२८ किलोबाइटची वेगवान कॅश होती आणि मदरबोर्डच्या घड्याळाची गती ६६ऐवजी १०० मेगाहर्ट्झ केली की बहुतेक वेळा तो ३००ऐवजी ४५०वर बिनतक्रार चालत असे. त्याच वर्षीच्या ४४०बीएक्स मदरबोर्डांनी तर विक्रमच केला. त्यांवर २३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम २ बसवून सुरुवात केलेल्या माणसाला, जोडकार्डाच्या मदतीने, काही वर्षांनी हजार मेगाहर्ट्झच्या आसपासचा पेंटियम ३ बसवता येई. मॅकच्या बाजूला १९९५च्या पॉवर मॅकिंटॉश ७५००, ८५०० आणि ९५०० या यंत्रांत प्रोसेसर सुट्या कार्डावर होता. पुढे सॉनेटसारख्या कंपन्यांनी त्याच खाचेत बसणारी जी३ आणि जी४ कार्डं विकली. जुन्या मदरबोर्डचा रस्ता अरुंदच राहिला, पण इक्वलायझर आणि घुमाऱ्याचं गणित बऱ्याच अंशी प्रोसेसरजवळच्या कॅशमध्ये मावत असल्याने ते खरोखर वेगवान झालं.

या वेगातून ध्वनिमुद्रणाला नेमकं काय मिळालं? अधिक ट्रॅक मिळाले, अधिक संस्कार मिळाले, पण माझ्या मते सर्वांत मोलाचा होता तो कमी झालेला उशीर. संगणक आवाज सुटासुटा न हाताळता गठ्ठ्यांनी हाताळतो. १,०२४ नमुन्यांचा गठ्ठा म्हणजे २३ मिलिसेकंद. हवेतून तेवढ्या वेळात आवाज जवळजवळ आठ मीटर जातो. हेडफोनवर स्वतःला ऐकत गाणाऱ्याला आपलाच आवाज खोलीच्या पलीकडून आल्यासारखा ऐकू येतो, आणि येणं-जाणं धरलं तर हा उशीर आणखी वाढतो. तबल्याच्या किंवा ढोलकीच्या बोलांना हे अंतर मारक आहे. लय धरणारा कान एवढ्या फरकाने लगेच अडखळतो. गठ्ठा २५६ नमुन्यांचा केला तर उशीर सहा मिलिसेकंदांच्या आत येतो, मात्र मग प्रोसेसरला सगळ्या ट्रॅकचं सगळं गणित दर सहा मिलिसेकंदांत न चुकता पुरं करावं लागतं. त्यासाठी हाताशी शिल्लक ताकद हवी. प्रोसेसर बदलणाऱ्याला पुष्कळदा ट्रॅक वाढवायचे नसत. गाणाऱ्याला आपला गळा वेळेवर ऐकू यावा एवढंच हवं असे.

आपल्याकडे हा उघडेपणा निवडीचा नव्हताच, बाजारच तसा होता. भारतात त्या काळी विकल्या जाणाऱ्या संगणकांचा मोठा हिस्सा असेंबल्ड होता. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट, एसएमपीएस सगळं सुटं मिळे आणि सुटंच जोडून दिलं जाई. १९९७मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या जागतिक करारात सामील झाला आणि २००५पर्यंत त्या वस्तूंवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरलं, त्याचाही हातभार लागला. याआधी कॅसेटने संगीताच्या प्रकाशनाची मक्तेदारी मोडली होती. पीटर मॅन्युएल यांनी १९९३च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातला तो बदल तपशिलाने मांडला आहे. मात्र कॅसेट छापणं स्वस्त झालं तरी मूळ ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओचे तास विकत घ्यावेच लागत. संगणकाने ती दुसरी भिंत पाडली. आणि आपल्याकडे ज्या संगणकाने ती पाडली, तो सुट्या भागांतून उभा राहिलेला आणि सुट्या भागांनीच वाढत गेलेला होता.

पहिला गंभीर आक्षेप असा की या डागडुजीत बहुतांश पैसा वाया गेला. प्रोसेसर बदलायला जावं तर मदरबोर्ड अडवतो. मदरबोर्ड बदलावा तर जुनी रॅम त्यात बसत नाही. तीस पिनांच्या पट्ट्या गेल्या, बहात्तरच्या आल्या, मग १६८च्या, मग डीडीआर आणि तिच्या पुढच्या पिढ्या. चौरस सॉकेट गेलं, लांबट स्लॉट आला, पुन्हा चौरस सॉकेट आलं. इंटेलने १९९९च्या सुमारास रॅम्बसची महागडी रॅम गळ्यात मारायचा प्रयत्न केला. तिच्यात तर खाच रिकामी ठेवायचीही सोय नव्हती, न भरलेल्या खाचेत नुसती वाहक पट्टी बसवावी लागे. विंडोज ९८चं यंत्र ५१२ मेगाबाइटच्या पुढे नेलं तर उलट बिघडे. हे सगळं खरं आहे. पण यावरून उघडेपणा फसवा होता असं ठरत नाही, त्याची मुदत तीन-चार वर्षांची होती एवढंच ठरतं. तीन-चार वर्षं एखादं यंत्र कामात राखता आलं, तर तेवढ्या अवधीत शिकाऊ माणूस ध्वनिमुद्रण शिकतो, पहिली दहा-वीस कामं करतो, त्यातून नव्या मदरबोर्डचे पैसे उभे करतो. शिवाय काढलेला भाग कचऱ्यात जात नसे. जुन्या पट्ट्या जुन्या बाजारात विकल्या जात आणि त्यांतून तिसऱ्या कुणाचं याहून जुनं यंत्र तगे. चुकीचा भाग घेणारे होते, ओव्हरड्राइव्हच्या किमतीत नवा मदरबोर्ड आला असता हे उशिरा कळलेले होते. चूक एका तुकड्यापुरती असणं आणि चूक अख्ख्या यंत्राची असणं, यांतला फरक गरिबाला विचारावा.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा आहे, आणि तो मला अधिक आदराने घ्यावासा वाटतो. मर्यादेतूनच कला फुलते. बीटल्सनी १९६७चा ‘सार्जंट पेपर’ चार ट्रॅकच्या यंत्रांवर केला, मग घरात चोवीस ट्रॅक कशाला? पण ‘सार्जंट पेपर’ लंडनच्या ॲबी रोडवर झाला, ईएमआयचे तंत्रज्ञ, जॉर्ज मार्टिनसारखा निर्माता आणि सुमारे सातशे तासांचा स्टुडिओ दिमतीला असताना. तिथे चार ट्रॅक ही यंत्राची मर्यादा होती, साधनांची नव्हती. घरात एकटा बसलेला माणूस स्वतःच गायक, स्वतःच वादक, स्वतःच तंत्रज्ञ असतो. त्याच्यापाशी तंत्रज्ञ नाहीत, घुमाऱ्याच्या खोल्या नाहीत. ट्रॅक आणि स्मृती हीच त्याची माणसं. मर्यादा स्वतः निवडली तर ती शिस्त असते. ती निवडायचा हक्क मात्र आधी मिळावा लागतो.

नमुना-वाद्यांच्या क्षेत्रात रॅमची भूक सर्वांत उघडपणे दिसली. अकाईचा १९८८चा एस१००० हा सॅम्पलर दोन मेगाबाइट स्मृती घेऊन येई आणि ३२पर्यंत वाढत असे. एका पियानोचे सगळे स्वर खऱ्याखुऱ्या लांबीचे ठेवायला ते अजिबात पुरत नव्हते. १९९८च्या ‘गिगासॅम्पलर’ने युक्ती केली: प्रत्येक स्वराची फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवायची आणि तेवढा भाग वाजेपर्यंत उरलेला हार्ड डिस्कवरून आणायचा. त्यामुळे गिगाबाइटभर मोठा पियानो घरातल्या संगणकावर वाजू लागला. पण शेकडो स्वरांच्या सुरुवाती ठेवायलाही रॅम लागतेच, आणि अखिल वाद्यवृंद बांधणारे लवकरच ३२ बिटांच्या कुंपणाशी आले. विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमला नेहमीच्या मांडणीत दोनच गिगाबाइट मिळत. काहींनी दोन-तीन जुने संगणक जोडून, एकावर तंतुवाद्यं आणि दुसऱ्यावर सुषिर वाद्यं अशी वाटणी केली. ६४ बिटांचे प्रोग्रॅम आल्यावर कुंपण हटलं. प्रो टूल्सला त्यासाठी २०१३ उजाडलं. तोवर मदरबोर्डवरच्या खाचा १६-३२ गिगाबाइट घ्यायला केव्हाच तयार होत्या. यंत्र पुढे आणि प्रोग्रॅम मागे, असा तो उलटा काळ होता.

नेमक्या त्याच वेळी खाचा बुजू लागल्या. जून २०१२मध्ये ॲपलने रेटिना पडद्याचा मॅकबुक प्रो आणला आणि त्यात रॅम मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेली होती. ५२०एसटीच्या मालकाने ज्या हत्याराने रॅम वाढवली होती, त्याच हत्याराने आता ती गोठवली गेली. जे मागे राहिले त्यांनी जुन्या उघड्या यंत्रांचा शक्य तितका उपयोग करून घेतला. २००९च्या मॅक प्रोचं फर्मवेअर बदलून तो २०१०चा आहे असं त्यालाच पटवायचं आणि मग सर्व्हरमधून निवृत्त झालेले सहा गाभ्यांचे झिऑन प्रोसेसर त्यात बसवायचे, ही रीत ध्वनिमुद्रण करणाऱ्यांत अनेक वर्षं चालली. दोन प्रोसेसरच्या नमुन्यात तर मूळ प्रोसेसरना वरचं धातूचं झाकणच नसे, त्यामुळे झाकणवाला प्रोसेसर उंच होई आणि उष्णता शोषणाऱ्या ठोकळ्याखाली वॉशर घालून उंची जुळवावी लागे. एवढी खटपट लोक हौसेने करत नाहीत. अनेक वर्षं चाललेलं काम, घेतलेली कार्डं आणि बसलेली घडी मोडायची नसते म्हणून करतात.

आजच्या बंद यंत्रांच्या बाजूने दिलं जाणारं उत्तर मला पूर्ण मान्य नसलं तरी ते तोलामोलाचं आहे. २०२०च्या एम१ प्रोसेसरपासून ॲपलने रॅम प्रोसेसरच्याच आवरणात आणली. तारा आखूड झाल्या, वेग वाढला, वीज कमी लागू लागली. साधा लॅपटॉप शंभर ट्रॅक सहज पेलतो. दुरुस्तीच्या हक्काचा झेंडा घेतलेल्या फ्रेमवर्क कंपनीलाही २०२५मध्ये जाहीर केलेल्या डेस्कटॉपमध्ये रॅम डाग देऊनच बसवावी लागली, कारण निवडलेल्या प्रोसेसरला हवा तो वेग सुट्या पट्ट्यांतून मिळेना. अडचण भौतिकशास्त्राची आहे, केवळ नफेखोरीची नाही, हे मी मान्य करतो. पण भौतिकशास्त्र सगळ्या ठिकाणी तेवढंच आड येतं असं नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटात २०१७च्या पहिल्या रायझनच्या जागी २०२२चा प्रोसेसर बसवता आला, पाच वर्षांचं अंतर ओलांडून. लॅपटॉपसाठी काढता येणाऱ्या नव्या प्रकारच्या रॅमचं मानक डिसेंबर २०२३मध्ये ठरलं आहे. ध्वनिमुद्रणाला लागणारा वेग तर केव्हाच गाठला गेला आहे. त्याला आता लागते ती जागा, आणि जागा ही यंत्र घेताना एकदाच, कंपनी सांगेल त्या भावाने घ्यावी लागते. पाच वर्षांनी आपल्याला किती लागेल हे ज्याला पहिल्याच दिवशी ठाऊक नाही, त्याच्यासाठी वाढीचा सर्वांत लहान तुकडा पुन्हा एकदा अख्खं यंत्र झाला आहे.

१९९५च्या पॉवर मॅकिंटॉश ९५००मध्ये रॅमच्या बारा खाचा होत्या. २०१९च्या मॅक प्रोमध्येही बाराच होत्या. २०२३च्या मॅक प्रोमध्ये एकही नाही.